गोळी चढते तेव्हा: फिटचं औषध आणि जाणारा तोल

लालबागला माझं मेडिकलचं दुकान आहे. मागच्या श्रावणात एक काकू काउंटरपाशी आल्या, दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यांच्यासाठी काहीतरी ताकदीचं द्या. पायात जोरच राहिला नाही. काल करी रोडच्या पुलावर झोक गेला, तर मागून एक पोरगा म्हणाला, काका सकाळीच टाकून आलेत." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. काका माळकरी. गिरणीत कामाला होते तेव्हापासून गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवलेले नाहीत.

दुसरं काही औषध चालू आहे का, असं मी विचारलं. काकू थोडं घुटमळल्या. मग पिशवीच्या तळातून रुमालात गुंडाळलेली एक स्ट्रिप काढली. फेनिटॉइन, शंभर मिलिग्रॅम. फिटची गोळी. बारा वर्षं त्या ही गोळी दादरच्या एका दुकानातून आणत होत्या, आमच्या गल्लीत कोणाला कळू नये म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी काकांना कितीतरी वर्षांनी फिट आली होती आणि डॉक्टरांनी रोजच्या तीन गोळ्यांच्या चार केल्या होत्या.

मी ताकदीचं काही दिलं नाही. पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा, आणि रक्तात या गोळीची लेव्हल किती आहे ते तपासायचं का, असं विचारा, एवढंच सांगितलं. एका गोळीने असा काय फरक पडणार, हा काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी ही गोळी डोक्यात करते काय ते बघू. मेंदूतली पेशी संदेश पाठवते तेव्हा तिच्या भिंतीतली बारीक दारं उघडतात आणि सोडियम आत शिरतं. त्यातून विजेची एक ठिणगी पुढे सरकते. मग दार मिटतं, क्षणभर विसावतं आणि पुन्हा उघडायला तयार होतं. फिट येते तेव्हा हजारो पेशी एकाच वेळी, न थांबता ठिणग्या टाकत सुटतात. फेनिटॉइन त्या विसावलेल्या दाराला धरून ठेवतं, त्याला लगेच उघडू देत नाही. सावकाश काम करणाऱ्या पेशीला याने फारसं काही वाटत नाही. जी पेशी धडाधड ठिणग्या टाकते, तिला मात्र दर वेळी दार अडलेलं सापडतं. म्हणून हे औषध माणसाला झोपवून न टाकता फिट अडवू शकतं. हाइनरिक बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे रसायन १९०८ मध्ये बनवलं होतं. ते फिटवर चालतं हे कळायला मात्र १९३८ साल उजाडलं. अमेरिकेत बोस्टनला मेरिट आणि पुटनाम या दोन डॉक्टरांनी ते दाखवून दिलं. तोवर ब्रोमाइड आणि १९१२ पासून फिनोबार्बिटल हीच मुख्य औषधं होती, आणि दोन्हींनी माणूस दिवसभर पेंगत राहायचा. स्वस्त आणि खात्रीची म्हणून फेनिटॉइन आजही आपल्याकडे लाखो घरांत आहे. ती वाईट गोळी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिने कितीतरी माणसं कामावर टिकवून ठेवली आहेत.

पण डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणं, हात नेमक्या जागी नेणं, जिभेची हालचाल शब्दात बसवणं, नजर एका जागी धरणं, ही सगळी कामं त्याच्याकडे. त्यातल्या पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी आपण स्वस्थ बसलेले असतानाही सेकंदाला कित्येक डझन ठिणग्या टाकत असतात, तोच त्यांचा धर्म. रक्तात फेनिटॉइन जास्त झालं की सगळ्यात आधी कुरकुर सुरू होते ती लहान मेंदूची. दारू प्यायलेला माणूस डुलतो, तोही बराचसा लहान मेंदूमुळेच. म्हणून पुलावरच्या त्या पोराला जे दिसलं ते दारूसारखंच दिसलं.

आता एका गोळीचा प्रश्न. रक्तातलं फेनिटॉइन निपटण्याचं काम लिव्हर करते. बहुतेक औषधांच्या बाबतीत रक्तात औषध वाढलं की लिव्हरचा वेगही त्याच मानाने वाढतो. त्यामुळे दीडपट डोस दिला तर रक्तातलं प्रमाणही साधारण दीडपट होतं. फेनिटॉइनचं तसं नाही. ते मोडणारं एन्झाइम मोजकंच असतं आणि रोजच्या साध्या डोसलाच ते जवळजवळ पूर्ण गुंतलेलं असतं. परळ स्टेशनवर तिकिटाच्या तीनच खिडक्या उघड्या आहेत असं समजा. तासाला तीनशे माणसं येतात तोवर रांग पुढे सरकत राहते. चारशे यायला लागली की जास्तीची माणसं पुढच्या तासात, त्याच्या पुढच्या तासात साचत जातात आणि रांग जिन्यावर पोचते. खिडकीवरचा माणूस तितकंच काम करतो आहे, आळशी झालेला नाही. त्याच्या हातांचा वेग संपला, एवढंच.

हे आकड्यांत बघितलं तर जास्त पटतं. औषधशास्त्राच्या पुस्तकांत सरासरी म्हणून जे आकडे धरतात त्यांवरून साठ किलो वजनाच्या माणसाची लिव्हर दिवसाला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम फेनिटॉइन निपटू शकते. त्याला रोज ३०० दिलं तर रक्तातली लेव्हल स्थिरावते १० वर (हे मायक्रोग्रॅम, एका मिलिलिटरमागे). ३५० दिलं तर २०. आणि ४०० दिलं तर हिशोब निघतो ८०. डोस वाढला एक तृतीयांशाने, लेव्हल आठपट. प्रत्येक माणसाची लिव्हर वेगळी असते, काहींमध्ये ते एन्झाइम जन्मतःच मंद असतं, म्हणून हे आकडे कोणाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण शेवटच्या टप्प्यावरचा चढ किती उभा आहे ते यातून दिसतं. चांगली लेव्हल १० ते २० मानतात. वीसच्या वर नजर थरथरू लागते, तीसच्या आसपास चालताना झोक जातो, चाळीसच्या पुढे गुंगी, गोंधळ, जड जीभ. हेही ढोबळ, कोणी अठरालाच डुलतो, कोणी पंचविसाला व्यवस्थित असतो.

आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. डोस वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. रांग जशी साचत जाते तशी लेव्हल दोन-तीन आठवडे चढत राहू शकते. तोपर्यंत गोळी वाढवली होती हे घरातला माणूस विसरून गेलेला असतो. मग दोष वयाला जातो, नाहीतर बीपीला, मानेच्या मणक्याला, अशक्तपणाला. मी कितीतरी जणांना अशा वेळी बी कॉम्प्लेक्सच्या बाटल्या नेताना बघितलं आहे.

म्हणून घरच्या घरी काय बघायचं ते सांगते. डॉक्टर हेच जास्त नेमकेपणाने बघतात, पण रोज सोबत राहणाऱ्याला ते आधी दिसू शकतं. चाळीच्या गॅलरीत किंवा खोलीत लादीची सरळ रेघ असते. तिच्यावरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत चालायला सांगायचं, आणि आपण शेजारी हात धरण्याच्या तयारीत उभं राहायचं. ज्याचा लहान मेंदू कुरकुरतो आहे तो पाय फाकवतो, भिंतीला हात लावतो. मग समोर बसवून आपलं बोट त्याच्या डोळ्यांपुढून हळू उजवीकडे न्यायचं आणि जरा थांबवायचं. डोळे बोटावर स्थिर राहिले तर ठीक. ते पुन्हा पुन्हा सरकून झटक्याने परत येत असतील तर ते लक्षात ठेवायचं. "चटईला टाचणी टोचली" असं दोनदा म्हणायला लावलं तरी जीभ कुठे अडखळते ते कळतं.

काकांच्या घरी पहिलं लक्षण याहून वेगळं होतं, आणि मला ते फार बोलकं वाटलं. काका भजनात टाळ वाजवतात. काकू म्हणाल्या, चक्कर-बिक्कर नंतर सुरू झाली. त्याच्या आधीच्या एकादशीला मृदंग पुढे जात होता आणि काकांचा टाळ मागे पडत होता. चाळीस वर्षं ठेका न चुकलेला माणूस. बुवांनी दोनदा वळून बघितलं, तेव्हा काकांनी टाळ मांडीवर ठेवून दिला आणि नुसते बसून राहिले. दोन हात नेमक्या क्षणी एकमेकांवर आणणं हे लहान मेंदूचंच काम. घरी आल्यावर मात्र सगळ्यांनी हेच म्हटलं, की आता वय झालं.

या लक्षणांपैकी काही दिसलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि इथेही सांगते. फिटचं औषध एकदम तोडलं तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. फोन करायचा, डॉक्टरांना भेटायचं, डोस त्यांनी ठरवायचा. माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा पुन्हा पुन्हा फिट येत असतील, तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. या शेवटच्या गोष्टीत एक फसवणूक आहे. फेनिटॉइन फारच वाढलं तर त्यामुळेही फिट येऊ शकतात. अशा वेळी लेव्हल न बघता गोळी आणखी वाढवली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

लेव्हलची तपासणी साधी आहे, हातातून रक्त घेतात. रक्त शक्यतो पुढची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, म्हणजे आकडा दिवसातल्या खालच्या टोकाचा मिळतो, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लॅबवाल्याला सांगायचं. रिपोर्ट वाचताना मात्र एक खाच आहे. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. मेंदूत जातं ते उरलेलं, सुटं. कुपोषण, लिव्हरचा किंवा किडनीचा आजार, दीर्घ आजारपण यांत अल्ब्युमिन घटतं आणि सुट्याचा वाटा वाढतो. तपासणी सहसा चिकटलेलं आणि सुटं एकत्र मोजते. अल्ब्युमिन निम्म्यावर, म्हणजे २ वर (हे ग्रॅम, शंभर मिलिलिटरमागे) आलेल्या माणसाचा रिपोर्ट १० दाखवत असेल, तर डॉक्टर वापरतात त्या सूत्राने तो प्रत्यक्षात २० च्या बरोबरीचा ठरतो. रिपोर्ट नॉर्मल, माणूस डुलतोय, असं असेल तर अल्ब्युमिनही बघू का, हा प्रश्न डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

डोस तोच असूनही लेव्हल चढू शकते, कारण त्याच खिडक्यांवर दुसरी औषधंही येऊन उभी राहतात किंवा खिडकीवरच्या माणसाचे हात बांधतात. मुंबईत यातलं एक फार महत्त्वाचं आहे: टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड. ते फेनिटॉइन मोडण्याचं काम मंदावतं. त्याच्याच जोडीला दिलं जाणारं रिफाम्पिसिन उलट लिव्हरचा वेग वाढवतं, त्यामुळे लेव्हल कोणत्या बाजूला झुकेल ते माणसागणिक बदलतं. टीबीचा कोर्स सुरू करताना आणि संपवतानाही लेव्हल बघावी लागते ती म्हणून. गजकर्णासाठी सर्रास घेतली जाणारी फ्लुकोनॅझोल लेव्हल चढवते. हृदयाचे ठोके सांभाळणारी अमिओडॅरोनही. पोटावरची अँटासिड फेनिटॉइनबरोबरच घेतली तर ते आतड्यातून कमी शोषलं जातं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवतात.

आणि आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समजही इथे टिकत नाही. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच हे दाखवलं आहे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांची फिट पुन्हा सुरू झाली, तेव्हा चौकशीत कळलं की ते शंखपुष्पीचं सिरपही घेत होते. मग उंदरांवर प्रयोग करून तपासलं, तर त्या सिरपमुळे रक्तातलं फेनिटॉइन घटत होतं. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इथे लेव्हल वाढली नाही, घटली. पण बुद्धीसाठी चांगलं म्हणून घरच्यांनी प्रेमाने आणलेली बाटली फिटचं कारण ठरू शकते, हे मी त्यातून घेतलं. आता कोणी फिटच्या गोळीसोबत असं सिरप मागितलं तर आधी विचारते.

आमच्या धंद्याशी जवळचा किस्सा ऑस्ट्रेलियातला आहे. १९६८ च्या सुमारास ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणारे कितीतरी लोक एकदम डुलायला लागले. डोस कोणाचाच बदलला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं, की कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर जी निव्वळ भर घालतात, ती कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोजची करण्यात आली होती. औषध तेवढंच, पण लॅक्टोजमुळे ते आतड्यातून जास्त शोषलं जाऊ लागलं आणि लेव्हल वर गेल्या. म्हणून फेनिटॉइनच्या बाबतीत "तीच गोळी आहे, कंपनी वेगळी" असं सहज म्हणू नये. मीही सुरुवातीच्या वर्षांत हे वाक्य कितीदा बोलले आहे, आता बोलत नाही. एकाच कंपनीची गोळी लागोपाठ घ्यावी, बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून बदलावी. लहान मुलांच्या औषधाची बाटली दर वेळी नीट हलवावी, नाहीतर औषध तळाला बसतं. पहिले पंधरा दिवस मुलाला पातळ मिळतं आणि शेवटच्या दिवसांत दाट.

फिटच्या दुसऱ्या गोळ्यांचेही मेंदूवर आपापले परिणाम असतात. व्हॅल्प्रोएटने हात कापतात, आणि काही जणांत रक्तातला अमोनिया वाढून माणूस गुंगतो. टोपिरामेट घेणाऱ्याला अगदी ओळखीचा शब्द ऐन वेळी सापडत नाही. लेव्हेटिरासेटामने शांत माणूस चिडका होतो, कधी उदासही. अशा वेळी घरात भांडणं होतात आणि गोळीवर कोणाचा संशयच जात नाही. कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरून माणसाचा गोंधळ होऊ शकतो. या प्रत्येकीवर वेगळा लेख होईल. डोस जरासा वाढवल्यावर असा उभा चढ चढणारी या सगळ्यांत फेनिटॉइनच.

हे बरं होतं का? बहुतेकदा होतं. लेव्हल उतरली की तोल आणि जीभ काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताळ्यावर येते. पण लेव्हल महिनोन्‌महिने खूप वर राहिली, तर पुर्किंजे पेशी कायमच्या मरू शकतात आणि एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसतो. तो तोल मग पूर्ण परत येत नाही. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्याच्या हाडांवर, हिरड्यांवर आणि पायांच्या नसांवरही लक्ष ठेवावं लागतं.

काकूंची गोष्ट अर्धी राहिली. काकांची लेव्हल निघाली ३६. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं तेव्हा काकूंनी खरं सांगितलं. आषाढीला काका दिंडीबरोबर पंढरपूरला गेले होते. सोबतच्या लोकांसमोर गोळी कशी काढायची, या संकोचाने चार दिवस त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. घरी परतल्यावर फिट आली ती त्यामुळे. तीन गोळ्या त्यांना पुरत होत्या. घेतल्याच नव्हत्या, एवढंच. डॉक्टरांना हे कळलंच नव्हतं, म्हणून त्यांनी चौथी वाढवली.

या संकोचाचा मला राग येतो, काका-काकूंचा नाही. फेफरं म्हटलं की आपल्याकडे लग्नं मोडतात, हे त्यांनी बघितलेलं आहे. हिंदू विवाह कायद्यातही अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९९९ मध्ये दुरुस्ती करून ते काढलं. कायद्यातून शब्द गेला, पण गोळी अजून रुमालातच गुंडाळली जाते. परळची माणसं फिटची गोळी दादरहून आणतात आणि दादरची परळहून नेतात. मग बीपीची औषधं एका दुकानातून, खोकल्याचं दुसऱ्यातून, ही तिसऱ्यातून, आणि सगळ्या गोळ्या एकत्र अशा कोणालाच दिसत नाहीत. दातांच्या डॉक्टरला सांगितलेलं नसतं, त्वचेच्या डॉक्टरला सांगितलेलं नसतं. रक्तातली लेव्हल अशीच गुपचूप वर जाते.

डॉक्टरांनी काकांना परत तीन गोळ्यांवर आणलं. महिनाभराने लेव्हल आली १३. काकू रिपोर्ट दाखवायला दुकानात आल्या, तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना थांबायची खूण केली, पण त्यांनी तिथेच पिशवी उघडली. स्ट्रिप काढली, रुमालाशिवाय, काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही चालू आहे. आता खोकल्याचं द्या."